हो म्हणा, सर!

किस्से सांगण्याचा मला सोस नाही. पण ऑफिसात एक्सेल अडले की बोलण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. आणि ते रोज अडते. साठा वाढणारच!

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आम्ही तिघे. मी, बाळकुमचा भोईर आणि डोंबिवलीहून येणारा गावडे. गावडेचे प्रोबेशन संपत आले होते. त्याला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे साहेब ठरवणार होते. चाचण्यांची मोठी फाइल आकडेमोड करू लागली की वीस मिनिटे बाकीच्या फाइलीही गोठत. नेमकी तेव्हाच साहेबांची फेरी असे.

"गावडे, ध्यानाला बसलात का?"

"मी नाही सर, एक्सेल बसलंय!"

साहेब हसले नाहीत. राबणारा माणूस रिकामटेकडा दिसावा, याची मला चीड येते.

*

मी मुख्य कचेरीच्या कॉम्प्युटर विभागाला फोन केला. "दुसरी फाइल वेगळ्या एक्सेलमध्ये उघडेल, अशी सोय करून द्या."

"ॲडमिन राइट्स लागतील. फॉर्म पाठवतो, भरा."

फॉर्म आला. एक्सेलमध्ये! मोठी फाइल चालूच होती. फॉर्मही गोठला.

*

फॉर्म कसाबसा भरून पाठवला. महिनाभर उत्तर नाही. शेवटी भोईर म्हणाला, "काका, राइट्स कशाला? ऑल्ट दाबून धरायचं, एक्सेलच्या चिन्हावर क्लिक करायचं. नवीन सुरू करू का, असं ते विचारेपर्यंत बोट उचलायचं नाय!"

विनापरवानगी काही करणे मला पटत नाही. पुन्हा फोन केला.

"ते होय? त्याला परवानगी लागतच नाही!"

"मग फॉर्म कशाला भरून घेतलात?"

"तुम्ही मागितलात म्हणून!"

*

दुसऱ्या दिवशी देवाचे नाव घेऊन मी ऑल्ट दाबले. प्रश्न आला, 'येस' केले, नवे एक्सेल उघडले. एका हाताने लिहू लागलो, तर अक्षरांऐवजी भलतेच मेनू उघडू लागले.

"काका, आता बोट उचला," भोईर मागून म्हणाला, "नैवेद्य दाखवून झाला!"

सांगणाऱ्याने पूर्ण सांगावे, एवढीच माझी अपेक्षा असते.

*

गावडेने एका एक्सेलमधली सूत्रे उचलून दुसऱ्यात टाकली. नुसते आकडे आले, सूत्रे मागेच राहिली.

"ही दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत हो!"

"वेगळी चूल मांडलीस ना?" भोईर म्हणाला. "मग तिकडची फोडणी इकडे कशी येणार!"

*

प्रोबेशनचा शेवटचा दिवस. साहेबांचे स्वतःचे एक्सेल गोठले आणि त्यांनी गावडेलाच केबिनमध्ये बोलावले. मी सहीसाठी तिथेच उभा होतो. साहेबांच्या हातात गावडेचा मूल्यमापनाचा कागद होता. शेवटचा रकाना, 'कायम करावे का?', कोराच होता.

गावडेने ऑल्टवर बोट ठेवले. "सर, आता तुम्ही क्लिक करा."

साहेबांनी केले. पडद्यावर प्रश्न आला.

"हो म्हणा, सर."

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिले. मग गावडेच्या बोटाकडे. ते अजून हलले नव्हते.

"हो!" साहेब मोठ्याने म्हणाले.

"सर, तोंडाने नाही. तिथे क्लिक करायचं."

"ते करतोच," साहेब पेन उघडत म्हणाले, "आधी हा रकाना भरू द्या!"