सिस्टीम लिहिणारी माणसं

किस्से गोळा करावे लागत नाहीत. जिथे सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी येत नाही, अशा ठिकाणी जाऊन बसायचं; बाकीचं आपोआप होतं. उभी हयात मी बातमीदारी केली. गिरण्या, संप, पालिका, पुनर्विकास, सगळीकडे भांडून झालं. पण गेल्या वर्षभरात दादरच्या एका वाचनालयाच्या माडीवर जेवढे किस्से जमले, तेवढे पालिकेच्या पत्रकार कक्षातही जमले नव्हते!

या माडीवर संध्याकाळी प्रोग्रॅमिंगचा वर्ग भरतो. खास मोठ्या माणसांसाठी. शिकवणारा तेजस पंचविशीतला, आणि आम्ही शिकणारे चौघे त्याच्या आईवडिलांच्या वयाचे. गिरगावातले कारखानीस, बँकेतून निवृत्त, सगळ्यांचे काका. परळचे दळवी, मांडव-डेकोरेशनवाले. लालबागची सुषमा परब, एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावायची. तो छापखाना बंद पडला. आणि मी.

पहिल्या दिवशी तेजसने विचारलं, "का शिकायचंय?" कोणी म्हणालं वेळ जात नाही, कोणी म्हणालं डोकं चालू राहतं. सुषमा म्हणाली, "नोकरी पायजे. घरात कमावणारी मी एकटी. दिवाळीपर्यंत नाय लागली तर गाशा गुंडाळून गावी. मुलगी माटुंग्याला कॉलेजात आहे, शेवटचं वर्ष. तिचं ते राहील."

त्यानंतर हौशीबद्दल कोणी बोललं नाही.

*

मी का गेले? रागाने.

एका कार्यालयात कार्डासाठी ऑनलाइन अर्ज भरायचा होता. 'पतीचे नाव' हा रकाना रिकामा सोडला की पान पुढे सरकेना. मी लग्न केलेलं नाही. खिडकीतल्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सिस्टीम घेत नाही."

"मग सिस्टीमला बाहेर बोलवा!"

"मॅडम, काहीतरी टाका ना. मागे लाइन आहे."

मी टाकलं, 'नाही'. सिस्टीमने मुकाट घेतलं. काही दिवसांनी कार्ड घरी आलं. त्यावर छापलं होतं, 'पतीचे नाव: श्री. नाही'.

मी ते वर्गात दाखवलं. योगायोगाने तेजस त्याच दिवशी वेबपानावरचा फॉर्म शिकवत होता. एका रकान्यापुढे त्याने 'रिक्वायर्ड' एवढा एकच शब्द टाइप केला आणि म्हणाला, "आता हा भरल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येणार नाही."

मी ताडकन उभी राहिले. "म्हणजे हे कोणीतरी लिहितं?"

"हो काकू."

"काकू म्हणू नकोस. माणूस लिहितो?"

"हो... ताई."

"त्याला नाव असतं? टेबल असतं? वर साहेब असतो?"

"असतो ना."

"मग इतकी वर्षं मला हे लोक सिस्टीम, सिस्टीम काय सांगतात!"

तेजस गांगरला. कारखानीस हळूच म्हणाले, "बसा हो. घरी मिस्टर 'नाही' वाट बघत असतील."

*

कारखानिसांचा प्रश्न एकच होता, आणि तो ते दर वर्गाच्या सुरुवातीला विचारायचे. "आधी कुठली भाषा शिकावी?" तेजस एक नाव सांगायचा. काका घरी जाऊन त्या भाषेची निंदा वाचून यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पण पाच वर्षांनी ही राहील का?"

एकदा त्यांनी हा प्रश्न इंटरनेटवर जाणकारांच्या एका मंडळाला विचारला. घटकाभरात उत्तर आलं, हा प्रश्न आधी विचारून झाला आहे, चर्चा बंद. काकांचं तोंड उतरलं. मला मात्र चीड आली. अरे, पत्रकार परिषदेत जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो उत्तर न मिळालेला प्रश्न असतो! नवशिक्याला हसणं सोपं. आपण कधीतरी नवशिके होतो, हे आठवणं अवघड.

पण काकांचा आजार सुषमाने बरा केला. तिने विचारलं, "काका, तुम्ही चौपाटीसमोर राहता ना? पोहायला तिथेच शिकलात?"

"मला पोहता येत नाही."

"अख्खा जन्म समुद्रासमोर गेला, आणि पोहता येत नाही?"

काका मग म्हणाले, "पाणी स्वच्छ व्हायची वाट बघत होतो."

स्वतःचंच उत्तर त्यांना लागलं. त्या संध्याकाळपासून त्यांनी भाषेचं नाव काढलं नाही.

*

आमचा पहिला डेस्कटॉप प्रोग्रॅम म्हणजे एक साधी खिडकी. आपलं नाव टाकायचं, खिडकी नमस्कार करते, आणि खाली प्रोग्रॅम बंद करायचं एक बटण. तेजस म्हणाला, सगळं मराठीत करा.

बटणावर कारखानिसांनी लिहिलं 'बाहेर पडा'. मी म्हटलं, "काका, भाडेकरू आहेत का ते?" दळवींनी लिहिलं 'निघा'. माझ्या बटणावर 'बंद' होतं, ते वाचून दळवी म्हणाले, "ताई, हे बटण आहे, संपाची हाक नाही!"

सुषमाच्या बटणावर लिहिलं होतं, 'येऊ का?'

"असं काय काकू?" तेजसने विचारलं.

"मग? आपल्याकडे जातो कोण म्हणतं? आणि आलेल्याला 'जा' म्हणायचं का?"

तेजसने ते बटण दाबलं. प्रोग्रॅम बंद झालाच नाही. मध्येच एक छोटी चौकट उघडली. 'इतक्यात? चहा तरी घ्या.' खाली दोन बटणं, 'नको, पुन्हा येईन' आणि 'बरं, बसतो'.

तेजस बराच वेळ ती चौकट बघत राहिला. "आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं," तो म्हणाला, "वापरणाऱ्याच्या जागी उभं राहून विचार करा. कसा ते कोणी सांगितलं नव्हतं."

आणि त्याने 'बरं, बसतो' दाबलं.

*

डेस्कटॉप आणि वेब यांतला फरक काय, हा नवशिक्यांचा दुसरा मोठा प्रश्न. दळवी तो अनुभवातून शिकले.

त्यांनी धंद्याची वेबसाइट केली. मांडवांचे फोटो, कमानी, झुंबरं, सगळं झकास. पत्त्याच्या जागी दिसणारी 'लोकलहोस्ट' अशी ओळ त्यांनी उचलली आणि कणकवलीच्या मेव्हण्याला पाठवली. मेव्हण्याचा फोन आला, "भावोजी, हयसर कायच दिसणा नाय."

"तुमच्याकडे नेट नसेल!"

"नेट हा. सिरियल दिसता हा."

"मग बघायची इच्छा नसेल!"

शब्दाने शब्द वाढला. दळवीवहिनी दोन्ही बाजूंवर रागावल्या. शेवटी दळवींनी वर्गात गाऱ्हाणं घातलं. तेजस म्हणाला, "काका, लोकलहोस्ट म्हणजे ज्याचा त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर. तुमची साइट अजून तुमच्याच मशीनवर आहे. सर्व्हरवर चढवली की जगाला दिसेल. आत्ता ती फक्त तुमच्या घरी बसून दिसेल."

दळवींनी एवढंच ऐकलं. तिथूनच मेव्हण्याला फोन लावला, "चूक माझी. घरी बसून दिसते म्हणे. ये!"

मेव्हणा आला. वेबसाइट बघितली, छान म्हणाला, आणि गणपतीचं विसर्जन करूनच परत गेला.

*

हल्ली आणखी एक प्रश्न आहे. "एआय लिहून देतं, मग शिकायचं कशाला?" दळवींनी तो विचारलासुद्धा नाही. त्यांनी थेट एक भलामोठा प्रोग्रॅम लिहून घेतला, त्यात दहा ठिकाणी हात घातला, आणि तो चालतो म्हणून पेढे आणले.

तेजसने पेढा तोंडात टाकला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "काका, ही ओळ काय करते?"

"काय माहीत."

"मग काढू?"

दळवी धावले. "हात लावू नको! काल काढली तर सगळं बसलं. मांडवात असा एखादा बांबू असतो बाबा. कशाला आहे कोणालाच ठाऊक नसतं. पण काढायचा नाही!"

आम्ही खूप हसलो. घरी जाताना मात्र मला हसू येईना. या शहरातले कितीतरी नियम मला त्या बांबूसारखे दिसायला लागले.

*

दसरा झाला आणि सुषमाचं हसणं कमी झालं. अर्ज जायचे, उत्तरं येत नव्हती. एका संध्याकाळी ती लॅपटॉप उघडून नुसती बसली होती. परळच्याच एका कंपनीची जाहिरात होती. वेबपानं तयार करायचं काम, मराठी उत्तम हवं. जणू तिच्यासाठीच लिहिलेली! पण अर्जात जन्मवर्ष यादीतून निवडायचं होतं, आणि त्या यादीत तिचं वर्षच नव्हतं. यादीतल्या पहिल्या वर्षी सुषमा दहावी पास झाली होती.

"सगळ्यांत वरचं वर्ष टाक ना," दळवी म्हणाले. "दिसतेस तशी लहान."

"खोटं नाय टाकणार."

मी उसळले. "नंबर दे त्यांचा. आत्ता फोन करते. वयावरून माणसं गाळतात? बातमी होते ही!"

"ताई," ती म्हणाली, "मला बातमी नको. नोकरी पायजे."

मी खाली बसले. तोपर्यंत तेजस तिच्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने विचारलं, "काकू, ही यादी आत्ता कुठे आहे?"

"त्यांच्या वेबसाइटवर."

"तिथून निघाली. आत्ता कुठे आहे?"

सुषमा विचारात पडली. "पान माझ्या ब्राउझरमध्ये आलंय... म्हणजे यादी पण माझ्याकडेच आहे?"

"तुमच्याकडचं पान तुमच्याकडे. परत पाठवल्यावर काय घ्यायचं, काय नाही, ते त्यांच्या सर्व्हरने तपासायचं. तपासतो की नाही, मला माहीत नाही."

एवढं सांगून तो बाजूला सरकला. सुषमाने यादीवर माउसचं उजवं बटण दाबलं, पानामागचा मजकूर उघडला, यादीतलं पहिलं वर्ष खोडलं आणि तिथे आपलं वर्ष लिहिलं. बाहेर यादीत ते दिसायला लागलं. तिने ते निवडलं.

कारखानीस अस्वस्थ झाले. बँकेत हयात गेलेली. "अगं, पण हे बरोबर आहे का?"

"काका, मघाशी खोटं वर्ष ती यादी आनंदाने घेत होती. आता मी खरं लिहिलंय."

काकांनी चष्मा पुसला. "पाठव," म्हणाले.

सर्व्हरने काहीही तपासलं नाही. अर्ज गेला.

*

मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे निनाद नावाचा तिशीतला साहेब होता. तिचा अर्ज समोर धरून तो म्हणाला, "मॅडम, एक कळत नाही. आमच्या यादीत तुमचं वर्ष नाहीये. मग आलं कुठून?"

"मी घातलं."

"कुठे?"

"तुमच्या यादीत."

सुषमा सांगते, तिला समोर दिवाळी दिसत होती आणि दिवाळीनंतरची गावची गाडी. निनादने लॅपटॉप तिच्याकडे वळवला, "दाखवा." तिने दाखवलं. त्याने बाहेर काम करणाऱ्या दोघांना आत बोलावलं आणि विचारलं, ही यादी इथून सुरू करायचं कोणी ठरवलं? एक म्हणाला, मी नाही. दुसरा म्हणाला, जुन्या फॉर्मवरून उचलली. तो जुना फॉर्म कॉलेजातून शिकाऊ मुलं घ्यायची तेव्हाचा.

कोणीच ठरवलं नव्हतं! मला शत्रू मिळाला असता तर बरं वाटलं असतं. शत्रूशी भांडता येतं, त्याचं नाव छापता येतं. इथे कोणीतरी उचलून चिकटवलं होतं, आणि माणसं दाराबाहेरूनच परत गेली होती. आपल्याला परत पाठवलंय हे त्यांनाही कळलं नव्हतं.

निनाद तिला म्हणाला, "तीन महिने काम बघू, मग कायम करायचं की नाही ठरवू. सोमवारी या."

*

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सुषमाने आम्हा सगळ्यांना माटुंग्याच्या एका उडप्याकडे नेलं. कॉफी आली. मी विचारलं, "पहिलं काम काय दिलं?"

"तेच," ती म्हणाली. "निनाद सर म्हणाले, तुम्ही ज्या भोकातून आलात ते आधी बुजवा. चुकीचं वर्ष सर्व्हरने घेता कामा नये."

मी कप खाली ठेवला. "आणि तू बुजवलंस?"

"नोकरी आहे ताई. तीन महिन्यांची."

"अगं, पण तुझ्यासारखी दुसरी कोणी—"

"बोलू द्या हो तिला," कारखानीस म्हणाले.

"मी सरांना विचारलं, चुकीचं म्हणजे नेमकं कुठलं वर्ष? ते घाईत होते. म्हणाले, तुम्हाला कळतं ना, तुम्हीच ठरवा. म्हणून मी ठरवलं. ती यादीच काढून टाकली. आता ज्याने त्याने आपलं वर्ष हाताने टाकायचं. आणि सर्व्हरवर तपासणी लावली. एकदम पक्की. सरांनी बघितली, मान हलवली आणि चालू केली."

"पक्की म्हणजे?" तेजसने विचारलं. "अडवते कोणाला?"

सुषमाने कॉफीवर फुंकर घातली.

"जे अजून जन्मले नाहीत, त्यांना."