परवानगी येईपर्यंतचे पाहुणे

परवानगी घेतल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा न ठोकणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच शिल्लक आहे, आणि त्याच्या घरात मी सात वर्षं भाड्याने राहिलो. मुलुंडच्या एका गल्लीत, दोन टॉवरांच्या मधे अंग चोरून उभं असलेलं एकमजली घर. खाली घरमालक एकटे, वर आम्ही नवरा-बायको. राहायला गेलो त्याच आठवड्यात मी कॅलेंडर टांगायला खिळा ठोकू का, असं विचारलं. "अर्ज द्या," ते म्हणाले. मला वाटलं गंमत करताहेत, म्हणून मीही गमतीने दिला. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. समासात लाल पेन्सिलीने, मोत्यासारख्या अक्षरात शेरा होता, 'खिळ्याची लांबी नमूद नाही.' लांबी कळवल्यावर तासाभरात मंजुरी आली आणि सोबत हातोडीही आली.

विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढले होते. कागदावर जे नाही ते जगात असू नये, ही त्यांची साधी अपेक्षा होती. अंगणातल्या शेवग्याची एक फांदी धोकादायक झाली, तेव्हा ती तोडण्याच्या परवानगीसाठी त्यांनी पालिकेकडे अर्ज केला. उत्तर यायच्या आत फांदी आपणहून पडली. त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं, की सदर फांदी विनापरवानगी पडली असून त्यात अर्जदाराचा हात नाही. आजूबाजूचे लोक एका रात्रीत गॅलऱ्या बंद करून त्यांत स्वयंपाकघरं थाटत होते आणि आमचे घरमालक पडलेल्या फांदीचा खुलासा करत होते.

असा माणूस घराचा वापर बदलायला निघाला, हीच खरी त्याच्या हालअपेष्टांची सुरुवात. त्यांचं लहानपण विक्रोळीच्या चाळीत गेलं. वडील परभणीकडून कामासाठी आलेले, एका खोलीत नऊ माणसं. अभ्यास जिन्यात करायचा आणि कोणी बादली घेऊन आलं की पुस्तकासकट उठायचं. त्यांच्या पत्नी शाळेत शिकवायच्या. मागच्या वस्तीतली मुलं अशीच जिन्यात पुस्तकं घेऊन बसलेली पाहून त्या एकदा म्हणाल्या, "आपल्या दोघांना एवढा हॉल कशाला हवाय हो? मुलांसाठी अभ्यासिका करू या." त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या. दुसऱ्या कोणी हॉलमध्ये चार टेबलं टाकून बाहेर पाटी लावली असती. ह्यांनी नकाशा काढला, वर 'नियोजित अभ्यासिका' असं लिहून खाली बाईंचं नाव घातलं आणि तो घेऊन ते परवानगीच्या कचेरीत गेले.

कचेरीची अडचण अशी होती, की अभ्यासिका म्हणजे नेमकं काय हे ठरत नव्हतं. शाळा म्हणावी तर मैदान कुठे आहे? क्लास म्हणावा तर गाड्या कुठे लावणार? वाचनालय म्हणावं तर पुस्तकं मुलं घरून आणणार, मग तुमचं काय? एका साहेबांनी दार आत उघडणारं दाखवलंय म्हणून नकाशा परत केला. पुढच्या साहेबांनी तेच दार बाहेर उघडतं म्हणून परत केला. घरमालक कधी आवाज चढवत नसत. घरी येऊन ते व्हरांड्यात पेन्सिलींना टोक काढत बसायचे, आणि त्यावरून आम्हाला वरती सगळं कळायचं. एक पेन्सिल म्हणजे साहेब जागेवर नव्हते. दोन म्हणजे फाईल जागेवर नव्हती. तीन म्हणजे दोघंही जागेवर होते आणि नवीन त्रुटी निघाली. एकदा त्यांनी पेन्सिलींचा अख्खा डबा संपवला. त्या दिवशी तिथल्या एका कारकुनाने त्यांना बाजूला घेऊन अगदी कळवळून सांगितलं होतं, "काका, तुम्ही विचारता कशाला? करून टाका ना! सगळे करतात. विचारलं की आम्हाला नाही म्हणावं लागतं, यार." बिचाऱ्याने खरंच भल्यासाठी सांगितलं होतं, पण घरमालकांना ते फार लागलं. मलाही त्या दिवशी त्यांची दया आली आणि थोडा रागही आला.

मग एका संध्याकाळी मागच्या वस्तीतली स्नेहल आली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, चटपटीत मुलगी. "काका, अभ्यासिका कधी चालू होणार?"

"परवानगी आली की."

"आणि माझी परीक्षा तोपर्यंत थांबणारे का?"

घरमालक दोन दिवस नियमावली वाचत बसले. तिसऱ्या दिवशी तिला बोलावून म्हणाले, "राहत्या घरी पाहुणे येण्याला कुठेही बंदी नाही. तू पाहुणी म्हणून ये. मात्र पाहुण्यासारखंच यावं लागेल."

म्हणजे काय, ते आठवड्याभरात कळलं. बेल वाजवायची, चपला ओळीत काढायच्या. मग पाणी, मग "घरचे कसे आहेत?", त्याचं नीट उत्तर, मग चहा, आणि मग पुस्तक उघडायचं. स्नेहलने मैत्रिणी आणल्या, त्यांनी भाऊ आणले. रोज अकरा पाहुणे यायला लागले. हजेरीपट ठेवता येईना, कारण ती संस्था झाली असती. म्हणून कोणाच्या आईची शुगर किती आणि कोणाच्या वडिलांची ड्यूटी कधी, हे सगळं ते तोंडपाठ ठेवू लागले. 'शांतता राखा' अशी पाटी घरात कोण लावतं? म्हणून कोणी मोठ्याने बोललं की ते त्याच्यापाशी जाऊन हात जोडून उभे राहायचे. पोरं बोलायचीच बंद झाली. रविवारी पोहे व्हायचे आणि ते खाल्ल्याशिवाय कोणाला उठता येत नसे.

कचेरीतून एकदा तपासणीला साहेब आले. हॉलभर माना खाली घातलेली मुलं. "हे कोण?"

"पाहुणे."

"सगळे? पुस्तकं घेऊन?"

"शिकणारे पाहुणे आहेत. आपण पाणी घेणार ना? घरचे कसे आहेत?"

साहेब चहा घेऊन गेले. त्यांच्याही चपला ओळीतच काढलेल्या होत्या.

आणि आमच्या सातव्या वर्षी परवानगी आली. मीच टपालातून पाकीट घेऊन खाली गेलो. पेढे आणायला निघालो होतो, तर त्यांनी थांबवलं. कागद दोनदा वाचून त्यांनी माझ्यापुढे धरला. खाली अटी होत्या. सदर जागेचा राहण्यासाठी वापर करता येणार नाही. सदर जागेत खाद्यपदार्थ अथवा चहा देता येणार नाही. हजेरीची नोंद ठेवणे बंधनकारक राहील.

"म्हणजे ही मुलं पाहुणे राहणार नाहीत," ते म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घालून तो पाकिटात परत ठेवला. मग खूप हळू म्हणाले, "ही गेल्यापासून या घरात बेल वाजत नव्हती हो."

त्या दिवशी त्यांनी एकाही पेन्सिलीला टोक काढलं नाही. पाकीट कपाटात ठेवलं. "एक वर्षाची मुदत आहे. संपू दे. मग पुन्हा अर्ज करू. नकाशावर तिचं नाव आहे, फाईल चालू राहिली पाहिजे. तुम्ही मात्र स्नेहलजवळ बोलू नका."

मी बोललो नाही. पुढे आम्ही दहिसरला राहायला गेलो. मधे एकदा मुलुंडला काम निघालं म्हणून सहज डोकावलो. बेल वाजवली, चपला ओळीत काढल्या. त्यांनी पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली, चहा दिला आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या मुलाने मान वर करून पाहिलंही नाही. मला गप्पा मारायच्या होत्या, नव्या अर्जाचं काय झालं ते विचारायचं होतं. मी तोंड उघडलं, तर घरमालक माझ्यापुढे हात जोडून उभे. मग मी समोरचं कालचं वर्तमानपत्र उचललं आणि तासभर अगदी मन लावून वाचलं. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत म्हणाले, "पुन्हा या. परवानगी अजून आलेली नाही."