सुई न टोचणारी सिस्टर

चहाचा घोट घेण्याआधीच ऐका, नाहीतर हसता हसता ठसका लागेल. आता काय सांगू तुम्हाला, माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाची फजिती अख्ख्या गल्लीला तोंडपाठ आहे!

झालं असं, की शेंगोळ्याच्या पातेल्यावरचं झाकण काढताना आमच्या हिच्या उजव्या हाताला वाफ लागली. मनगटाखाली द्राक्षाएवढा फोड! जन्मभर मला गरम भाकरी थापून घालणारा हात तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेनं आलं असेल.

इलाज मला ठाऊक होता. ऊस तोडताना हाताला आलेले फोड आम्ही बाभळीच्या काट्यानंच फोडत होतो. मी काटा घेऊन आलो, तर ही केवढ्यानं ओरडली! "लांब व्हा! सिस्टर येतीया."

आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर शेजारच्याच गल्लीत राहते. कोवळी पोर. तिनं काय करावं? बराच वेळ हिचा हात नुसता नळाखाली धरला. मग न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवून वरून सैल बांधलं. झालं!

"आजोबा, फोड फोडायचा न्हाय. वरची कातडी आतल्या जखमेला सांभाळती. पाणी आपोआप जिरंल."

"आन् सुई?"

"सुई कशाला?"

आता तुम्हीच सांगा, सुई टोचल्याशिवाय माणूस बरा होतो का? माझ्या मनात पाल चुकचुकली. ही पोर खरंच शिकलीय, की नुसता पांढरा कोट घालून फिरते?

पुढं तर संशय वाढतच गेला. पट्टी बदलायला आली, की सिस्टर म्हणायची, "आजोबा, जरा चहा ठेवा की." मी स्वयंपाकघरात गेलो, की दार ओढून घ्यायची. आत कुजबुज! वर हिचं हसणं! भाजलेलं माणूस कधी हसतं व्हय?

मी हिला विचारलं, "फोड कसाय?"

"बराय."

"दाव की."

"पट्टी सुटंल."

एवढ्या वर्षांच्या संसारात हिनं एवढं थोडक्यात उत्तर कधी दिलंय? नक्की हात चिघळला असणार, आणि दोघी मिळून माझ्यापासून लपवत असणार. मला घास जाईना.

पुढच्या खेपेला चहा गॅसवर ठेवला आणि दाराच्या फटीला डोळा लावला. दिसली काय, तर सिस्टरची पाठ! मान वाकडी केली, टाचा उंच केल्या. तेवढ्यात मागं फस्स! चहा उतू चालला होता. धावलो आणि नुसत्या हातानंच पातेलं उचललं.

ओरडावं, तर चोरी उघडी पडणार! दातावर दात दाबून डाव्या हातानं दोघींना चहा दिला आणि गोठ्यामागं गेलो. उजव्या हाताच्या बोटांवर टपोरे फोड. काढला काटा, फोडले, वर टूथपेस्ट चोपडली. काय गार वाटलं! म्हटलं, याला म्हणतात इलाज.

सिस्टर पुन्हा आली तोवर माझी बोटं टोमॅटोसारखी सुजली होती आणि आत ठणका. हात उपरण्याखाली लपवून बसलो. त्या दिवशी मात्र तिनं दार उघडंच ठेवलं. "या आजोबा, बघा." हिचा फोड पार सुकला होता! डाग तेवढा राहिलेला. मला एवढा आनंद झाला, की गडबडीत डावाच हात पुढं करून नमस्कार केला.

सिस्टरचे डोळे बारीक झाले. आता संशय घ्यायची पाळी तिची! "आजोबा, उजवा हात कुठाय?"

हिनं उपरणं ओढलं. "आगं बया! पेस्ट लावलीय ह्यांनी! फोडबी काट्यानंच फोडलं असत्याल!"

"काटा?" सिस्टरनं विचारलं.

मी मान डोलावली.

"मग तुम्हाला धनुर्वाताची सुई घ्यावी लागंल."

"घेतो. पण मला सारखं भाईर का घालवत व्हतीस, बाई?"

सिस्टर हिच्याकडं बघून हसली. ही म्हणाली, "म्याच सांगितलं व्हतं तिला. पहिल्या दिशी फोड बघून तुमी लेकरागत रडलाव. ते बघून मला जास्तच दुखाया लागलं. म्हनलं, ह्यांना चहाला लावा."

सिस्टरनं सुई बाहेर काढली. केवढी लांब होती म्हणून सांगू!

मी हळूच तिच्याकडं झुकलो. "बाई, जरा हिला चहा ठेवायला पाठवता का?"