सातवी मॅच

अविनाश गेला हे कळलं तेव्हा मी त्याच्यावर आधीपासूनच रागावलेला होतो. पाच आठवडे आमचं बोलणं बंद होतं. फेब्रुवारीतला मंगळवार, स्टॅनमोरच्या घरात मी बूट घालत होतो, ट्यूब ट्रेनची वेळ होत आली होती, आणि फोन वाजला. साउथहॅम्प्टनहून सुधावहिनी, अविनाशची बायको. सकाळी साडेसातला वहिनींचा फोन म्हणजे नवऱ्याच्या वतीनं समेटाचं बोलणं असणार, असं धरून मी मुद्दाम जरा ताठ आवाजात 'बोला' म्हटलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे गेले. पहाटे." त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की फोन ठेवून वळलो तर माझी बायको मंजिरी जिन्यात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी अजून तिला काही सांगितलंच नव्हतं.

त्याला आता सहा आठवडे झाले. हॅरोच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली, पांढऱ्या कपड्यांत माणसं जमली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग एकामागून एक सगळे तेच बोलले. किती शांतपणे गेला. शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. कुणाला म्हणून त्रास दिला नाही... लोक माना डोलावत होते. मला बोलायला बोलावलं तर मी उठलोच नाही. उठलो असतो तर म्हणालो असतो की अरे, मला त्रास द्यायला हवा होता त्यानं! सतरा वर्षांच्या मैत्रीनंतर तेवढा तरी हक्क माझा होता. कॅन्सर झाल्याचं जवळच्या मित्रापासून लपवणं याला तुम्ही मोठेपणा म्हणत असाल तर म्हणा बापडे, मी म्हणणार नाही. तिथे गिळलं ते इथे लिहितो आहे.

अविनाश नागपूरचा, मी पुण्याचा. तो हॉस्पिटलात एक्स-रेचा डॉक्टर, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या फिल्म वाचायचा; मी लंडनच्या एका फर्ममध्ये पुलांची गणितं करायचो. पहिल्यांदा भेटलो ते वेम्बलीतल्या एका लग्नात, जेवणाच्या रांगेत. 'जय भीम' म्हणत त्यानं हात पुढे केला आणि हा पुणेकर आता काय करतो ते मिस्कीलपणे बघत राहिला. मीही 'जय भीम' म्हटलं. तेव्हा म्हणाला, "पास. चल, गुलाबजाम संपायच्या आत पुढे सरक." दोघांनाही क्रिकेटचं वेड. बेसबॉल आमच्या घरात शिरला तो त्याच्या न्यू जर्सीतल्या धाकट्या भावामुळे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यानं तिकडच्या दोन टीम्सची मोठी मालिका टेप करून पाठवली. सात मॅचेस, आधी चार जिंकेल तो विजेता, आणि दोन्ही टीम्सचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. आम्ही टेप इथल्या व्हीसीआरमध्ये घातली तर चित्र काळं-पांढरं, आणि एकसारखं वर सरकत राहिलेलं. अमेरिकन टेप इंग्लंडच्या मशीनवर चालत नाही हे आम्हा दोन उच्चशिक्षितांना ठाऊक नव्हतं. कुणा शहाण्यानं टेप बाहेर काढली असती. आम्ही अख्ख्या तीन मॅचेस तशाच पाहिल्या. भावानं इतक्या लांबून हौसेनं पाठवलेल्या, वाया कशा घालवायच्या! खेळाडूचं डोकं खाली, पाय वर, मधे काळा पट्टा. तिसऱ्या मॅचनंतर माझी मान धरली आणि मग आम्ही ईलिंग रोडवरच्या दुकानातून कुठल्याही देशाची टेप चालणारं मशीन दोघांत मिळून आणलं.

रंग दिसायला लागले तेव्हा कळलं की एका टीमच्या टोप्या निळ्या आहेत आणि दुसरीच्या लाल. निळं दिसताक्षणी अविनाश म्हणाला, "माझा पक्ष ठरला. तू तुझं बघ." उरले ते लाल माझ्या पदरात पडले, आणि नंतर तेच प्राणांहून प्रिय झाले. मशीन एक आणि घरं दोन, म्हणून एका रविवारी त्याच्याकडे, पुढच्या रविवारी माझ्याकडे, असं ठरलं. दुपारचं जेवण झालं की एक मॅच, फक्त एक. मशीन गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायचं आणि त्याला सीटबेल्ट लावायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे निकाल आधी कळून घ्यायचा नाही, कळलाच तर सांगायचा नाही. टेपा येईपर्यंत सगळ्या जगाला निकाल माहीत होऊन महिना लोटलेला असायचा. ऑफिसमधल्या अमेरिकन माणसाला मी बजावून ठेवलं होतं की जानेवारीपर्यंत माझ्याशी फक्त सिमेंटबद्दल बोल. मंजिरी सकाळी पेपरातलं खेळाचं पान काढून रद्दीत टाकायची. मोठी मालिका दरवर्षी थोडीच होते? बारा वर्षांत तीनदा झाली. बाकीच्या वर्षी त्या दोन टीम्सच्या साध्या मॅचेसवर आम्ही भूक भागवायचो.

अविनाश मांडीवर लांबट वही घेऊन पेन्सिलनं प्रत्येक चेंडूची नोंद करायचा. माझे लाल सहा रन्सनी मागे पडले की मी उठून येरझाऱ्या घालायचो, "संपलं रे, बंद कर," म्हणायचो. तो वहीतून डोकं वर न काढता म्हणायचा, "बघू या." त्याचे निळे मागे असले तरी तेच, "बघू या." मग मला समजवायचा की या खेळाला घड्याळ नाही, इथे वेळ संपत नाही, शेवटचा माणूस आउट होईपर्यंत काहीही होऊ शकतं. सुधावहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत विणत बसायच्या. मधेच कधीतरी "कोण पुढे आहे?" एवढंच विचारायच्या. आम्ही उत्तर द्यायचो आणि त्यांना विसरून जायचो.

गेल्या नोव्हेंबरात तिसऱ्या मोठ्या मालिकेच्या टेपा आल्या. दोन मॅचेस झाल्या, एक-एक. तिसरीच्या आदल्या आठवड्यात अविनाशनं स्वतःच्या पोटाची फिल्म स्वतःच वाचली. स्वादुपिंड. दुसऱ्या कुणाला अर्थ सांगायची गरजच नव्हती, हजारो वाचल्या होत्या त्यानं. आणि त्या रविवारी हा माणूस दार उघडून म्हणाला, "या कॉम्रेड, आज लालांची धुलाई आहे!" त्यानंतर आणखी तीन रविवार तो माझ्या शेजारी बसला. सहावी माझ्याकडे होती. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली मला दिसली. मी म्हटलं, "डायटिंग चाललंय वाटतं?" तो म्हणाला, "सुधानं तेल बंद केलंय. शी इज रूथलेस." मंजिरीनं केलेल्या थालीपिठाचा एक घास खाऊन त्यानं ताट बाजूला सारलं. नऊपैकी पाचव्या इनिंगला टेप थांबवायला लावून तो सोफ्यावर आडवा झाला, आणि मी, गाढव, 'म्हातारा झालास' म्हणून त्याला चिडवत बसलो. त्या दिवशी निळे जिंकले. तीन-तीन. निघताना कोटाची बटणं लावत म्हणाला, "सातवीची घाई नको रे. राहू दे जरा."

मग टाळाटाळ सुरू झाली. एका रविवारी ड्यूटी, एकदा सर्दी, एकदा वहिनींची बहीण येणार होती. जानेवारीत चौथ्यांदा 'पुढच्या रविवारी' आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी फोनवर म्हटलं, "तुला रिझल्ट कळलाय. निळे हरलेत म्हणून सातवी दाखवत नाहीस. हा रडीचा डाव झाला, अविनाश. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "बघू या रे," तो म्हणाला. मी फोन आपटला. सतरा वर्षांत मी त्याला म्हटलेलं शेवटचं वाक्य हे... मरणाऱ्या माणसाला मी रडीचा डाव खेळतोस म्हणालो, कारण मला दुसरं काही माहीतच नव्हतं. याचा राग कुणावर काढायचा ते मला कुणीतरी सांगा.

मंजिरीवर काढला. तिला डिसेंबरपासून माहीत होतं. वहिनींनी तिला सांगितलं होतं आणि शपथ घातली होती. दोन महिने ही बाई माझ्यासमोर बसून जेवली, माझी अविनाशवरची चिडचिड ऐकून घेतली आणि अक्षर बोलली नाही. शोकसभेनंतर वहिनींवरही काढला, जनाची-मनाची लाज न ठेवता, त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सातवी मॅच झाली की मीच सांगतो त्याला, असं म्हणायचे हे. तोवर कुणी बोलायचं नाही. आणि दर रविवारी म्हणायचे, आज नको." एवढं बोलून त्यांनी कपाटातून न फोडलेलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. वर भावाच्या अक्षरात सातचा आकडा होता.

ते पाकीट माझ्या घरी मशीनवर तीन आठवडे पडून होतं. धूळ पुसताना मंजिरी त्याला हात लावत नसे. गेल्या शनिवारी दुपारी ती बाहेर गेली होती, तेव्हा मी ते फाडलं आणि एकट्यानं सातवी मॅच पाहिली. चहा नाही, वही नाही, शेजारी कुणी नाही. हट्टानं पाहिली, त्याला धडा शिकवावा तशी. शेवटचा माणूस आउट झाला आणि मी लगेच साउथहॅम्प्टनला फोन लावला. एकदाचा निकाल सांगून टाकायचा होता मला. निदान एका माणसानं तरी वेळेवर सांगावं, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, "वहिनी, सातवी बघितली. ऐका..."

"थांबा!" त्या जवळजवळ ओरडल्या. "सांगू नका. मी अजून पाहिली नाहीये."

मला क्षणभर कळेना. "तुम्ही?"

"मग सहा कोणी पाहिल्यात? तिन्ही मालिका पाहिल्यात मी, भावजी. इथल्या इथे, आणि तुमच्याकडे येऊन. उद्या रविवार आहे ना? मशीन घेऊन या."

दुसऱ्या दिवशी गोधडीत गुंडाळलेलं मशीन सीटबेल्ट लावून नेलं. त्याच्या बैठकीच्या खोलीत काही बदललेलं नव्हतं. टीपॉयवर ती लांबट वही उघडून ठेवलेली होती. सातव्या मॅचच्या पानावर पट्टीनं रेघा मारून वर तारखेची जागा सोडली होती, अक्षर त्याचं. वहिनींनी विणकाम आणलं नाही. त्या सोफ्यावर त्याच्या जागी बसल्या, वही मांडीवर घेतली आणि पेन्सिलीचं टोक तपासलं. पहिल्या चेंडूपासून त्यांनी नोंद केली आणि एकही चुकवली नाही. मी शेजारी बसलो होतो. निकाल माहीत असून शेजारी बसायची माझी ही पहिलीच वेळ. मधे बोलायचं काय, हसायचं कुठे, तोंड कसं ठेवायचं, काही कळत नव्हतं. त्यांनी पुढे केलेला चहा मी तसाच टीपॉयवर ठेवला. निळ्यांनी एक रन काढला, त्या खूश होऊन माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मला मान वळवावी लागली. असे चार रविवार त्यानं काढले. असे चार रविवार, थट्टा करत, पेन्सिल चालवत. माझा राग गेलेला नाही. त्यानं मला सांगायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणतो. पण आठवी इनिंग संपली, निळे चार रन्सनी मागे होते, आणि वहिनींची पेन्सिल थांबली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "यांची टीम मागे आहे हो. होईल ना काही? अजून एक इनिंग आहे."

मी पडद्याकडे बघत राहिलो.

"बघू या," मी म्हटलं.