बाईंची सही

रेमंड द्रोज्दनं आयुष्यभर एकच काम केलं. तेलाच्या पाइपलाइनला जमिनीतून वाट देणाऱ्या करारावर शेतकऱ्यांच्या सह्या मिळवायचं. पश्चिम टेक्सासच्या विहिरींतलं कच्चं तेल बंदराकडे न्यायचं तर वाटेत लाव्हाका परगणा लागायचा, आणि तिथले चेक वंशाचे शेतकरी परक्या माणसाला व्हरांड्याची पायरी चढू देत नसत. रेमंड त्यांच्यातलाच, त्यांच्याच हॉलमध्ये पोल्का नाचून मोठा झालेला. म्हणून कंपन्या त्याला पाठवत.

जुनी लाइन साठ वर्षांपूर्वीची. तेल वाढलं तशी ती अपुरी पडू लागली आणि तिच्या शेजारून दुप्पट रुंदीची दुसरी टाकायचं ठरलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, राहिल्या एकट्या आदेला कुबेना. वय चौऱ्याऐंशी. रेमंडला चौथीत शिकवलेल्या.

"ये, बस," बाई म्हणाल्या. त्यांनी जर्दाळू भरलेल्या कोलाचे पावांची बशी पुढे सरकवली. "अजून तसाच घाबरतोस का रे माझ्यासमोर?"

"तुम्हाला कोण घाबरत नाही, बाई?"

"बरं, मला डोळ्यांनी धड दिसत नाही. तूच सांग. माझ्या वडिलांच्या पेकनच्या झाडांना हात लागणार नाही ना?"

नकाशा रेमंडच्या मांडीवर होता. जुन्या लाइनच्या कडेला अक्रोडासारख्या पेकनची सात झाडं, आणि त्यांच्यावरूनच मशिनं उभी करायच्या जागेची रेघ. ती त्याला स्वच्छ दिसत होती. शुक्रवारपर्यंत सही हवी होती. बाई अडून बसल्या असत्या तर कंपनी कोर्टात गेली असती, आणि त्याचं नाव खराब झालं असतं.

"कंपनी शक्यतो झाडं टाळतेच, बाई," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. बाईंनी चष्मा पुसला आणि तो बोट ठेवेल तिथे सही केली.

सातही झाडं मार्चमध्ये एका सकाळी गेली. खबर लागताच रेमंड धावला, तर खोडांचे ओंडके रचून झाले होते. चर खणणाऱ्यांचा तरुण इंजिनिअर तिथेच कॉफी पीत उभा होता.

"खालून भोक पाडून पाइप नेता आला नसता का?" रेमंडनं विचारलं.

"आला असता की! पलीकडे वळू पाळणारा शेतकरी आहे ना, त्याच्या ओकच्या झाडाखालून तसाच नेलाय. त्याच्या वकिलानं करारात तशी एक ओळ घालून घेतलीय. यांच्या करारात नाही. कुणी मागितलीच नाही."

रेमंड व्हरांड्याशी गेला. बाई उभ्याच होत्या.

"बाई, माझी चूक झाली. मी नवी रोपं आणून लावतो."

"पेकनला फळ धरायला दहा वर्षं लागतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही कशाला त्रास घेता, मिस्टर द्रोज्द?"

'तुम्ही' म्हणाल्या त्या. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर दुसऱ्या एका लाइनच्या कामात तो प्रत्येक घरी कराराचं पानन् पान मोठ्यानं वाचून दाखवू लागला. झाड दिसलं की ती ओळ घालायचा हट्ट धरायचा. "द्रोज्द, तू कोणाच्या बाजूचा?" वरिष्ठानं एकदा फोनवर विचारलं. पुढल्या प्रकल्पाला त्याला बोलावणं आलं नाही.

बाईंच्या शेतातली नवी लाइन वेळेत सुरू झाली. तिच्यावर गवतही छान आलं. बाई दोन वर्षांनी गेल्या. अंत्यविधीला रेमंड मागच्या बाकावर बसला. नंतर भेटायला लागलेल्या रांगेत बाईंचा ह्यूस्टनचा भाचा त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "मावशीचे विद्यार्थी आलेत, बरं वाटलं. तुम्ही कोणत्या वर्षीचे?"

रेमंडनं वर्ष सांगितलं. आणखी काही सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात मागचा माणूस पुढे आला, आणि तो बाजूला झाला.