न फुलणारा देवकांचन

गल्लीत बातमी अशी होती की भिंगवाली रोज उजाडायच्या आत बागेत कुणाला तरी भेटायला जाते. केस विंचरून, पर्स घेऊन. शिंप्याची बायको, दोन मुलांची आई, आणि या वयात! तो चांगला उंच आहे, इथपर्यंत इस्त्रीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं. उंच होता हे खरं. फक्त तो माणूस नव्हता, बागेच्या फाटकाजवळचं झाड होतं.

भिंगवालीची नोकरीच ती: सार्वजनिक बागेतल्या झाडांची ओळख पटवायची आणि पाट्या लावायच्या. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, डोळ्यांत कायमची चौकशी. पान समोरून पाहून तिचं समाधान होत नाही. उलटं करून शिरा बघणार, देठ मोडून चीक येतो का बघणार. ती लांबून दिसली की भाजीवाला जुड्यांवर ओलं फडकं टाकतो. नवरा एकदा म्हणाला, "लग्नाआधी मलाही उलटं करून बघायचंस."

"बघितलं होतं," ती म्हणाली. "अस्तर बरं निघालं."

फाटकाजवळच्या झाडावर 'देवकांचन' अशी पाटी होती, आणि ती तिच्या सासऱ्यांनी लावलेली होती. मामंजी त्या बागेचे मुख्य माळी होते. रोपं आली तेव्हा त्यांच्या चिठ्ठ्या वाटेतच गळून गेलेल्या. साहेब म्हणाले, ओळख पटत नसेल तर फेकून द्या. मामंजींनी मधोमध दुभंगलेलं ते पान चिमटीत धरलं आणि सगळ्यांदेखत ठणकावलं, "देवकांचन!" तेव्हापासून ते झाड म्हणजे घरचं थोरलं लेकरू. पाहुणा आला की आधी झाड दाखवायचं, मग चहा.

पण कांचनांची पानं मेली सगळी सारखीच. खरं काय ते फूल सांगतं. देवकांचनाच्या फुलात बहुधा तीन मोठे पुंकेसर असतात, त्याच्या भाऊबंदाच्या, रक्तकांचनाच्या फुलात पाच. आणि हे झाड इतक्या वर्षांत फुललंच नव्हतं. बागेतले लोक म्हणत, असतं एखादं झाड घुमं. भिंगवालीला ते पटेना. एवढं खाऊनपिऊन सुखी झाड, फुलायला काय धाड भरलीय?

यंदा फांद्यांच्या शेंड्यांना कळ्या दिसल्या, आणि तिच्या पहाटवाऱ्या सुरू झाल्या. तिकडे घरात मामंजींचा नूर पालटला. सुनेने दिलेला चहा ते आधी हुंगून बघू लागले.

"पाटी उतरवायची घाई झालेली दिसते, सूनबाई."

"कोण म्हणालं?"

"भिंग पुसतेस ना सारखं. आम्हाला काय दिसत नाही?"

घाई कसली? नाव चुकीचं निघालं तर पाटी तिलाच काढावी लागणार, आणि मग म्हातारा पाहुण्यांना काय दाखवणार? पण माहीत असून चुकीची पाटी ठेवायची म्हटलं तर तिच्या घशाखाली घास उतरला नसता.

एका सकाळी खालच्या फांदीवरच्या कळ्या गायब. किडीने खाल्लेल्या नव्हत्या, मुलांनी ओरबाडलेल्या नव्हत्या. स्वच्छ, तिरक्या कापलेल्या. तिने भिंग लावून फांद्या तपासल्या. प्रत्येक शेंड्याखाली जुना व्रण, आणि प्रत्येक व्रण तसाच तिरका. असा काप ती घरच्या कुंड्यांतल्या गुलाबांवर रोज बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती खोडाआड उभी राहिली. थोड्या वेळात मामंजी लंगडत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतून छाटणीची कात्री काढली.

"गुडघे धरलेत म्हणत होतात ना?"

कात्री हवेतच राहिली. "वाळकी फांदी होती जरा."

"वाळक्या फांदीला कळ्या येतात होय?"

मामंजी बाकावर मटकन बसले. "दरवर्षी छाटत आलो. नोकरी सुटल्यावरही, हौस म्हणून येतो असं सांगून. यंदा शिडी चढवेना, वरच्या कळ्या राहिल्या, म्हणून हे तुझ्यापर्यंत आलं. साहेबांपुढे बोलून तर गेलो, पण मागाहून वाटलं, पाच निघाले तर?"

"म्हणजे तुमची तुम्हालाच खात्री नव्हती!"

"तेव्हा कुठे माहीत होतं, घरातच पोलीस येणार आहे म्हणून?"

अगदी शेंड्याला एक कळी उमललेली होती. भिंगवालीने पहारेकऱ्याकडची आकडा लावलेली लांब काठी आणली आणि फूल अलगद उतरवलं. मामंजी फाटकाकडे तोंड करून बसले.

"सांगून टाक एकदाचं."

तिने मोजले. फूल उलटं करून मोजले. अरुंद पाकळ्या बाजूला सारून, मागे कुणी लपलंय का तेही पाहिलं.

"तीन."

मामंजी गुडघे विसरून ताडकन उठले. "देवकांचन! होतंच मुळी देवकांचन! आता तरी पटलं ना?"

भिंगवालीने त्यांच्या हातातली कात्री घेऊन आपल्या पर्समध्ये टाकली.

"फूल पटलं, मामंजी. शेंगा अजून बघायच्यात. तोवर कात्री माझ्याकडे राहील."