बॉयलरवाल्या काकांचा अंगठा

माझी थोरली मावशी एका मोठ्या धुलाई कारखान्यात सुपरवायझर होती. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. रोज सकाळी ती एकेका खात्यात जाऊन दिवसाचं काम सांगायची. शेवटी बॉयलरची खोली. तिथले काका बोलायचे कमी, पण कानावर पडलेलं कधी विसरायचे नाहीत.

मग मॅनेजरसाहेबांनी रोजच्या निरोपांसाठी फोनवर ग्रुप काढला. का, तर पलीकडच्या कारखान्याने काढला होता. पोरींना कामावर फोन हातात धरायची मुभा मिळाली, त्या खूश. पिकल्या केसांच्यांनी आपल्याला कुणी म्हातारं म्हणू नये म्हणून फोन घेतला. आणि मावशीचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते. बसल्या जागी काम होतंय म्हटल्यावर तिला आणखी काय हवं? साहेबांनी महिन्याची मुदत दिली तशी ती इरेला पेटली. एकेकाच्या मागे लागून सगळ्यांना ग्रुपमध्ये घेतलं. राहिले फक्त काका.

"मला आपलं तोंडीच सांगत जा ना, ताई."

"काका, तुमच्या एकट्यापायी साहेबांपुढे माझं नाक कापलं जाईल हो!"

काकांनी मुकाट्याने फोन पुढे केला. निरोप आला की खाली अंगठा द्यायचा, हे तिने दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांत आधी अंगठा काकांचाच. "शिका जरा त्यांच्याकडून," असं मावशी पोरींना ऐकवायची.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी तिने निरोप टाकला: इस्त्रीकडे जाणाऱ्या तीन नंबरच्या पाइपचा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलाय, दुपारपर्यंत तिकडे वाफ सोडू नका. काकांचा अंगठा आला. आणि साडेनऊला त्यांनी नेहमीसारखी वाफ सोडली. इस्त्रीवर उभ्या असलेल्या बाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीत साहेबांनी मावशीचा फोन मागून घेतला. निरोप होता, खाली अंगठा होता. काका मान खाली घालून उभे होते. अहवालावर मावशीने सही केली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना काकांना घरी बसवलं.

पंधरा दिवसांनी ती त्यांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं.

"वाचता येत असतं तर कशाला झालं असतं हे?" काकू म्हणाल्या.

मावशी उंबऱ्यातच थबकली. काका आतून म्हणाले, "इस्त्रीवाल्या बायका निरोप मोठ्याने वाचायच्या, तो मी येता-जाता ऐकायचो. त्या दिवशी घाई होती, कुणी वाचलाच नाही."

"मला का नाही सांगितलं, काका?"

"सगळ्यांना जमतंय, एकट्या मलाच नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि तुम्ही किती कौतुक करत होता."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे जाऊन हे सांगितलं. साहेब म्हणाले, "लेखी द्या. पण शिकवलं कुणी, विचारलं का नाही, हे सगळं तुमच्यावर येईल. बघा बुवा." घरात माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरत होतं, त्याचा खर्च मावशीनेच अंगावर घेतला होता. तिने पत्र लिहिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ करत राहिली. काकांकडेही परत गेली नाही.

लिहिलं ते स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी. मॅनेजर तोवर बदलले होते. नव्या साहेबांनी पत्र शांतपणे वाचलं आणि विचारलं, "हे काका कोण?"

मावशी खुर्ची ओढून बसली आणि तिने त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काका आदल्या वर्षीच गेले होते, आणि तेही तिला तिसऱ्याच कुणाकडून कळलं होतं.